कळण्यासाठी वाचणे : पंडिता रमाबाई आणि रोजचे बायबल

आजचा धागा जरा लांब आहे. विषय एका पुस्तकाच्या रोजच्या वाचनाचा आहे आणि ते वाचन एका मराठी स्त्रीने आयुष्यभर कसे केले, त्यापायी कोणाकोणाशी भांडण घेतले, याचा आहे. सवडीने वाचावा.

सन १८७८, कलकत्ता. वीस वर्षांची एक मराठी तरुणी आणि तिचा थोरला भाऊ ख्रिस्ती मंडळींच्या एका मेळाव्याला निमंत्रणावरून गेले. गाणी झाली, भाषणे झाली आणि मग जमलेल्या मंडळींनी आपापल्या खुर्चीकडे तोंड करून गुडघे टेकले व डोळे मिटले. ही माणसे खुर्च्यांची पूजा करीत असावीत, असे या भावंडांना वाटले. समोर मूर्ती नाही, तसबीर नाही, मग नमस्कार कोणाला? निघताना कोणीतरी त्या तरुणीच्या हाती बायबलची एक प्रत ठेवली. प्रत संस्कृतमध्ये होती.

ही तरुणी म्हणजे रमाबाई डोंगरे. त्याच वर्षी कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या होत्या. भागवताचे हजारो श्लोक त्यांना मुखोद्गत होते. संस्कृतात त्यांना अडेल असे पुस्तक त्या काळी शोधावेच लागले असते. तरीही हे संस्कृत बायबल त्यांना वाचवेना. त्याची भाषा त्यांच्या परिचयाच्या संस्कृतासारखी नव्हती आणि त्यातला विचार तर पूर्णच परका होता. हे वाचण्यात वेळ घालवणे व्यर्थ आहे, असे त्यांचे मत झाले. ही हकीकत पुढे १९०७ मध्ये त्यांनी स्वतःच आपल्या आत्मकथनात लिहून ठेवली. मात्र ते पुस्तक त्यांनी टाकून दिले नाही. बरोबर बाळगले.

पुस्तक हाती आहे, अक्षर येते, भाषा येते, तरी अर्थ आत शिरत नाही, हा अनुभव या धाग्याच्या मुळाशी आहे. याच बाईंनी सुमारे चाळीस वर्षांनंतर केडगावच्या माळावर बसून सबंध बायबल मराठीत आणले. अक्षरओळख नुकतीच झालेल्या, दुष्काळातून वाचलेल्या मुलीलाही ते रोज वाचता यावे आणि कळावे, एवढाच त्यामागचा हेतू होता.

आता थोडे मागे जाऊ.

धर्मग्रंथाचा रोज थोडा भाग वाचावा, ही कल्पना मराठी माणसाला नवी नाही. हरिपाठ आहे, ज्ञानेश्वरीची पारायणे आहेत, गुरुचरित्राचा सप्ताह आहे. ख्रिस्ती परंपरेत सामान्य माणसाने घरी बसून स्वतः बायबल वाचणे मात्र फार काळ सुलभ नव्हते. पश्चिम युरोपात ग्रंथ लॅटिनमध्ये होता आणि तो वाचणारे मुख्यतः धर्मगुरू होते. मार्टिन ल्यूथरचा जर्मन नवा करार १५२२ चा. इंग्रजीत भाषांतर करणाऱ्या विल्यम टिंडेलला १५३६ मध्ये पाखंडी ठरवून ठार करण्यात आले. ग्रंथ लोकभाषेत आला, छपाई स्वस्त झाली आणि मग 'आज काय वाचायचे' हा प्रश्न उभा राहिला. जर्मनीतल्या हर्नहुट या गावच्या मोरेवियन मंडळींनी १७३१ पासून दर दिवसासाठी एक वचन नेमून देणारी छोटी पुस्तिका छापण्यास सुरुवात केली. ती आजतागायत निघते. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रॉबर्ट मॅकशेन या तरुण पाळकाने १८४२ मध्ये वर्षभराच्या वाचनाचे वेळापत्रक आखले. त्यात जुना करार एकदा आणि नवा करार दोनदा वाचून होतो. एकोणिसाव्या शतकात भारतात आलेली प्रॉटेस्टंट मिशने ही सवय आपल्याबरोबर घेऊन आली. सकाळी उठावे, उतारा वाचावा, त्यावर विचार करावा आणि दिवसाच्या वागण्याला तो लावून पाहावा, अशी ही रीत.

रमाबाई ज्या परंपरेत वाढल्या, तिथेही ग्रंथवाचन रोजचेच होते. पण त्याचा व्यवहार वेगळा होता. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले म्हणून टीका ओढवून घेतली होती. मुलीचा जन्म १८५८ चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. पुढे घरची स्थिती खालावली आणि हे कुटुंब तीर्थाटन करीत देशभर हिंडू लागले. देवळात, नदीच्या घाटावर, झाडाखाली बसून पुराणे मोठ्याने वाचावीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बसून ऐकावीत, फुले, फळे, धान्य, चार पैसे पुढे ठेवावेत, यावर त्यांचा चरितार्थ चाले. आईकडून संस्कृत शिकलेल्या रमाबाईही असे वाचीत. वाचन संस्कृतात असे आणि श्रोत्यांपैकी बहुतेकांना ते समजत नसे. समजावून सांगण्याची अपेक्षाही नसे, कारण पुण्य श्रवणात होते.

या व्यवस्थेला मी खोटी म्हणणार नाही. पवित्र ध्वनी कानी पडणे हीच प्राप्ती मानणाऱ्या परंपरा जगभर आहेत आणि लॅटिन प्रार्थना ऐकणारा मध्ययुगीन युरोपीय शेतकरी याहून निराळे काही करीत नव्हता. पण रमाबाईंच्या बाबतीत ही व्यवस्था फार कठोर परीक्षेत सापडली. १८७४ ते १८७७ या दुष्काळाच्या वर्षांत वडील गेले, आई गेली, थोरली बहीण गेली. व्रते, दाने, अनुष्ठाने सारी यथासांग केलेल्या या कुटुंबाला शेवटी खायला अन्न उरले नव्हते. उरलेली दोन भावंडे पायी हिंडत कलकत्त्याला पोहोचली, तेव्हा वाचलेल्या शब्दाचा जगण्याशी संबंध काय, हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी राहिला नव्हता. तिथेच केशवचंद्र सेन यांनी रमाबाईंना वेदाची प्रत दिली आणि वाचण्याचा आग्रह केला. स्त्रीला वेदाचा अधिकार नाही, असे त्या मानीत होत्या. तोवर कोणते पुस्तक उघडायचे आणि कोणते नाही, हे त्यांच्यासाठी दुसऱ्याच कोणीतरी ठरवलेले होते.

दुसरे बायबल बंगाली होते. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, प्रांत वेगळा. आसामच्या सिल्चर गावी पतीच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची छोटी बंगाली पुस्तिका सापडली. ही मात्र त्यांना वाचता आली आणि रुचली. गावातले एक बाप्टिस्ट मिशनरी घरी येऊन उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा अर्थ सांगू लागले. पती स्वतः मिशनच्या शाळेत शिकलेले होते, पण पत्नीचा हा ओढा त्यांना पसंत पडला नाही. १८८२ च्या फेब्रुवारीत कॉलऱ्याने त्यांचा मृत्यू झाला. रमाबाईंच्या पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी होती.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, 'स्त्रीधर्मनीति' लिहिले, हंटर आयोगापुढे साक्ष दिली. हे सारे आपण शाळेत वाचलेले असते. शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही ते हे, की याच पुण्यात पंचहौद मिशनच्या मिस हरफर्ड नियमाने त्यांच्याकडे येत आणि मराठी नवा करार शिकवीत. तेव्हा मराठीत बायबल उपलब्ध होते. विल्यम कॅरीच्या श्रीरामपूरहून मराठी नवा करार १८११ मध्ये निघाला होता आणि मुंबईत अमेरिकन मिशनच्या पुढाकाराने सबंध बायबल १८४७ मध्ये आले होते. भाषा पंडिती वळणाची होती. रमाबाईंना ती अर्थातच जड गेली नाही. ती कोणाला जड जाते, हे त्यांना बऱ्याच वर्षांनी दिसले.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात खळबळ उडाली. जोतीराव फुल्यांनी मात्र 'सत्सार'मधून त्यांची बाजू घेतली.

हा निर्णय कसा झाला? रमाबाईंच्या स्वतःच्या सांगण्यानुसार त्यामागे एक भेट आणि एक अध्याय होता. मठाच्या भगिनी लंडनच्या फुलम भागात एक आश्रम चालवीत. समाजाने 'पतित' म्हणून टाकलेल्या स्त्रियांना तिथे आसरा मिळे. त्यांची सेवा कोणी करते, त्यांना पुन्हा उभे करते, हे रमाबाईंनी पहिल्यांदाच पाहिले. ही माणसे असे का वागतात, असे त्यांनी विचारले. तेव्हा एका भगिनीने योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय वाचून दाखवला. त्यात भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली शोमरोनी स्त्री आहे. यहुदी तिच्या जातीच्या लोकांशी भांड्याचाही व्यवहार ठेवीत नाहीत. तिची पाच लग्ने होऊन गेलेली आहेत. आणि येशू तिच्याकडे प्यायला पाणी मागतो.

ही गोष्ट एखाद्या मराठी वाचकाच्या मनात कुठे जाऊन लागत असेल, याचा विचार करून पाहा. पाणी कोणाच्या हातचे चालते, विहिरीवर कोणी कधी जावे, नवरा नसलेल्या बाईशी कोणी बोलावे, हे सारे आपल्याकडे रोजचे कायदे होते. पुण्यात फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी १८६८ मध्ये खुला केला, त्याला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षे झाली होती. बायबलचे रोजच्या जगण्याला 'लागू करणे' म्हणतात ते असे घडते. आधी वागणे दिसले, मग त्या वागण्यामागचा उतारा वाचला गेला. क्रम उलटा होता, आणि म्हणूनच तो अध्याय त्यांच्या मनात रुतला, असे मला वाटते.

आता या धाग्यातला माझा आवडता भाग. बाप्तिस्म्यानंतर रमाबाई गप्प बसल्या असत्या, तर मिशनच्या वृत्तांतात त्या एक यशस्वी नोंद होऊन राहिल्या असत्या. पण त्यांनी वाचायला घेतले होते आणि जे वाचले ते स्वतःच्या बुद्धीने. चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात शिकत असताना सिस्टर जेराल्डीन आणि प्राचार्या डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार १९७७ मध्ये प्रसिद्ध झाला. तरुण इतिहासप्रेमींनी तो अवश्य वाचावा. शिष्या नम्रपणे, पण एक पाऊलही मागे न सरता वाद घालते आहे.

मुद्दे पाहा. त्रैक्याचा सिद्धांत बायबलमध्ये जसा आहे असे चर्च म्हणते, तसा तो मला वाचताना दिसत नाही. चर्चचे पंथवचन आणि बायबल यांत मी बायबलला बांधील आहे. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकतीच सुटले आहे, दुसऱ्याच्या जोखडाखाली मान देणार नाही. गळ्यात घालायच्या क्रूसावर लॅटिन अक्षरे का? ती माझ्या देशबांधवांना कळणार नाहीत, तिथे संस्कृत हवे. मी शाकाहारीच राहीन. यावर सिस्टर जेराल्डीन यांना वाटे की हा जातीचा अभिमान अजून गेलेला नाही. रमाबाईंचे म्हणणे असे, की पूर्वजांच्या चालीरीती जिथे देवाच्या वचनाआड येत नाहीत तिथे त्या सोडण्याचे कारण नाही. याच सुमारास त्यांनी इंग्रज तरुणांना संस्कृत शिकवावे अशी सूचना पुढे आली, तेव्हा लाहोर आणि मुंबईच्या बिशपांनी हरकत घेतली. भारतीय स्त्रीने पुरुषांना शिकवले तर तिच्या देशात तिची पत जाईल, असे कारण होते. भारतात पंडितांच्या सभा गाजवून आलेल्या बाईंना हे ऐकावे लागले!

ज्यांनी त्यांच्या हाती पुस्तक दिले, त्यांची अपेक्षा 'आम्ही सांगतो तसे वाच' अशी होती. रमाबाईंनी रोजच्या वाचनाची शिस्त घेतली आणि अट नाकारली.

१८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानाचे निमित्त होते. तिथे पुस्तक लिहिले, व्याख्याने दिली, बोस्टनमध्ये मदतीसाठी संस्था उभी राहिली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. उच्चवर्णीय बालविधवांसाठीच्या या शाळेत धर्माच्या बाबतीत तटस्थता राहील, असे वचन दिलेले होते. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळावर होते.

मग प्रश्न आला एका दरवाजाचा.

रमाबाई आपल्या खोलीत रोज सकाळी मुलीसह बायबल वाचीत आणि प्रार्थना करीत. खोलीचा दरवाजा उघडा असे. सदनातल्या काही मुली आत येऊन बसू लागल्या. त्यांना बोलावले नव्हते, पण हाकलूनही दिले नाही. मुलींना आपापली पूजा, व्रते, उपवास करण्याची मोकळीक होती, मग माझ्या खोलीत माझी प्रार्थना दार लावून का करावी, हा रमाबाईंचा सवाल. 'केसरी'ने रान उठवले. पालकांना फसवले गेले, आडमार्गाने धर्मांतर चालले आहे, असा आरोप झाला. ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे व भांडारकर यांनी अंग काढून घेतले आणि सुमारे पंचवीस मुली सदनातून नेण्यात आल्या.

समाजमाध्यमांवर हा वाद सहसा दोन रंगांत रंगवला जातो. 'सनातनी विरुद्ध सुधारक' किंवा 'देशभक्त विरुद्ध मिशनरी'. दोन्ही चित्रे मला अपुरी वाटतात. पालकांची भीती निराधार नव्हती. ज्या बाईच्या आधाराशिवाय त्या मुलींना जगात थारा नव्हता, तीच बाई रोज सकाळी श्रद्धेने काही वाचते आहे, तेव्हा उघडे दार हे नुसते दार राहत नाही. आश्रय देणाऱ्याच्या श्रद्धेचा भार आश्रितावर पडतोच, तो पाडण्याचा हेतू असो वा नसो. पण दुसरी बाजूही तितकीच खरी. त्या मुलींना घरी परत नेणाऱ्यांपैकी कितीजणांकडे त्यांच्यासाठी शाळा होती? केशवपन झालेल्या बारा-चौदा वर्षांच्या मुलीला त्या घरी पुन्हा कोणता कोपरा मिळाला असेल? याच सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. त्यांचा धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह त्याच १८९३ सालच्या मार्चमध्ये झाला होता. सदनाने काय साधले, याचा तो दाखला सर्वांच्या डोळ्यांसमोर होता. तरीही भांडण दाराचे झाले.

रमाबाईंच्या अंतरंगातही याच सुमारास काही बदलले होते. बाप्तिस्म्याला आठ वर्षे झाल्यावर, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना त्यांना जाणवले, की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला पण ज्याच्या नावाचा तो धर्म, तो आपल्याला भेटलेला नाही. यानंतर त्यांचे बायबलवाचन वादासाठी कमी आणि जगण्यासाठी अधिक झाले. आधुनिक अभ्यासकांपैकी काहींना हा बदल खटकतो. चेल्टनहॅमची तर्कशुद्ध बंडखोर स्त्री कुठे हरवली, असे त्यांना वाटते. मला ती हरवलेली दिसत नाही. चर्चच्या शब्दाला प्रमाण न मानता स्वतः मजकुरापाशी जाणे, हा तिचा हट्ट शेवटपर्यंत टिकला आणि पुढच्या कामाला तोच पुरला.

१८९६-९७ चा दुष्काळ. स्वतः दुष्काळात आई-वडील गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात प्लेगमुळे इतक्यांना ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगावला रेल्वेमार्गालगत घेतलेल्या सुमारे शंभर एकर जमिनीवर त्यांना हलवले. हीच मुक्ती मिशनची सुरुवात. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. इथे उच्चवर्णीय विधवांची अट उरली नव्हती. सर्व जातींच्या स्त्रिया होत्या, अंध होत्या, अपंग होत्या, म्हाताऱ्या होत्या. शेती होती, दुधाची जनावरे होती, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. अंध मुलींना ब्रेल शिकवले जाई.

आणि शाळा होती. १९०१ मध्ये या देशात शंभरात एक स्त्रीसुद्धा साक्षर नव्हती, हे ध्यानात ठेवून मुक्तीकडे पाहावे. रोज सकाळी शेकडो मुली पुस्तक उघडून बसतात, हे दृश्यच त्या काळाला अपूर्व होते. त्या पुस्तकाशी आपले पटो वा न पटो, त्या वाचत होत्या.

इथेच रमाबाईंना ती अडचण पुन्हा भेटली, जी त्यांना कलकत्त्यात भेटली होती. फरक इतकाच की आता पंडिता स्वतः समजत होत्या आणि समोरच्या मुलींना समजत नव्हते. प्रचलित मराठी बायबलची भाषा संस्कृतप्रचुर होती. मुलींपैकी अनेकींची मातृभाषा मराठीही नव्हती. कोणी हिंदी बोलत आली होती, कोणी गुजराती. ज्यांची मराठी होती ती शिवाराची, चुलीपुढची. लांबलचक समासांचे वाक्य त्यांनी पाठ केले असते, मोठ्याने म्हटलेही असते आणि रमाबाई लहानपणी ज्यांच्यापुढे पुराण वाचीत त्या श्रोत्यांसारख्याच त्या कोरड्या राहिल्या असत्या.

अडचण नुसत्या काठिण्याची नव्हती. संस्कृत शब्द एकटा येत नाही, आपले सारे गोत घेऊन येतो. पुण्य म्हटले की व्रतवैकल्ये आली, प्रायश्चित्त म्हटले की पंचगव्य आले, अवतार म्हटले की दशावतार डोळ्यांपुढे उभे राहिले. भाषांतरकार जे सांगू पाहतो ते बाजूला राहते आणि ऐकणारा आपल्या ओळखीच्या अर्थावर स्थिरावतो. ही गोष्ट संस्कृत न येणाऱ्या मिशनऱ्यांच्या लक्षात येणे कठीण होते. ती कळायला आयुष्यभर त्या शब्दांबरोबर राहिलेले माणूसच हवे होते. रमाबाईंनी म्हणून असे शब्द शक्यतो टाळायचे ठरवले. 'शारदा' आणि 'मुक्ती' ही नावे मात्र त्यांच्या संस्थांना कायम राहिली, ही त्यातली गंमत.

भाषांतर करायचे तर इंग्रजीवरून करायचे नाही, मुळावरून करायचे, असे ठरले. त्यासाठी वयाची पंचेचाळिशी ओलांडलेल्या रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. इतरांना शिकता यावे म्हणून हिब्रूचे मराठीतून व्याकरणही त्यांनी तयार केले. सुमारे दोन हजार माणसांच्या संसाराचा कारभार दिवसा, आणि हे काम त्यातून काढलेल्या वेळात. १९०४-०५ च्या सुमारास आरंभ झाला.

त्याच १९०५ मध्ये मुक्तीत मोठे धार्मिक पुनरुज्जीवन झाले. जानेवारीत सत्तरेक स्त्रिया रोज प्रार्थनेला जमत होत्या, जूनपर्यंत ती संख्या पाचशेच्या वर गेली. मिनी एब्रम्स या अमेरिकन सहकारी त्यात पुढे होत्या. स्त्रियांच्या टोळ्या आसपासच्या गावांत जाऊन वाचून दाखवू लागल्या. जागतिक पेंटेकोस्टल चळवळीचा इतिहास लिहिणारे आज केडगावचे नाव आवर्जून घेतात. आपल्या कामासाठी त्यातला एवढाच भाग महत्त्वाचा, की या टोळ्यांतल्या कित्येकींना काही वर्षांपूर्वी अक्षरही येत नव्हते आणि आता त्या दुसऱ्यांना वाचून दाखवीत होत्या.

नवा करार १९१३ मध्ये छापून झाला. जुना करार मोठा आणि हिब्रू अवघड. काम लांबत गेले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात होत असे. खिळे जुळवणे, मुद्रिते काढणे, फर्मे दुमडणे, बांधणी करणे ही कामे तिथल्या मुली आणि स्त्रिया करीत. खिळे जुळवणाऱ्या मुलीला ओळ अक्षराअक्षराने वाचावी लागते. वाचनाचा याहून कसून अभ्यास मला माहीत नाही.

इथे एक दुरुस्ती. 'सबंध बायबलचे भाषांतर करणारी जगातली पहिली स्त्री' असे रमाबाईंविषयी बऱ्याचदा लिहिलेले आढळते. ते बरोबर नाही. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या ज्युलिया स्मिथ यांनी मूळ भाषांतून केलेले इंग्रजी बायबल १८७६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. त्या मतदानाचा हक्क नाही म्हणून कर भरायला नकार देणाऱ्या बाई होत्या, हेही सांगून ठेवतो. रमाबाईंची थोरवी पहिल्या क्रमांकावर अवलंबून नाही.

जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली, चाळिशीत. आईनंतर मुक्तीचा भार तिने उचलावा अशी तयारी चाललेली होती. रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. त्यांच्या चरित्रांतून एक कथा सांगितली जाते, की प्रकृती ढासळल्यावर त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले, उरलेली मुद्रिते तपासून संपवली आणि मग झोपेतच प्राण सोडला. भक्तांच्या कथेतले दहा दिवस इतिहासाला मोजता येत नाहीत. तारीख मात्र नक्की आहे, ५ एप्रिल १९२२. आणि भाषांतर त्यांच्या हातून पुरे झाले होते, हेही नक्की.

पुस्तक १९२४ मध्ये बाहेर पडले. मराठी चर्चनी ते फारसे उचलले नाही. बायबल सोसायटीची सुधारित आवृत्ती रूढ होती, उपासनेत तीच वाचली जाई, लोकांच्या कानाला तीच सवयीची होती. रमाबाईंची साधी भाषा काहींना ओबडधोबड वाटली आणि परिचित शब्द गाळल्यामुळे काही ठिकाणी ती खरोखरच अवघडली आहे, हे मान्य करावे लागते. संस्कृतापासून दूर जाण्याच्या निश्चयाने एखाद्या ओळीची लय मोडते, तेव्हा पुराणिकाची मुलगी आपल्याच कानाविरुद्ध लिहिते आहे, असे वाटून जाते.

पण ती भाषा ज्यांच्यासाठी होती त्यांच्यापाशी ती पोहोचली होती. केडगावच्या छापखान्यात ज्या स्त्रियांनी तिचे खिळे जुळवले, फर्मे दुमडले आणि पाने शिवली, त्यांनी आपल्या बाईंच्या मागे दोन वर्षे ते काम चालू ठेवले आणि पुस्तक पुरे करूनच सोडले.